आधी हात, मग औषध

हृदय बंद पडलेल्या माणसाला हाताच्या शिरेतून इंजेक्शन दिलं तर ते कुठे जातं? नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवताना मी हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "हृदयाकडे, सर." चालत्याबोलत्या माणसाच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. कोपराजवळच्या शिरेत सोडलेलं औषध दहा-पंधरा सेकंदांत हृदयाशी पोचतं, कारण वाहतं रक्त त्याला घेऊन जातं. पण ज्याचं रक्तच थांबलंय त्याच्या हातात दिलेलं औषध हातातच राहतं. सिरिंज रिकामी झालेली दिसते, केस पेपरवर वेळ लिहिली जाते, आणि औषध सुईच्या टोकापुढे चार बोटांवर नुसतं पडून असतं.

गोष्ट एवढीच आहे, पण हृदयाच्या आपत्कालीन उपचारातलं बहुतेक सगळं शहाणपण तिच्यातून निघतं. ॲड्रेनलिन, अमियोडॅरोन, लिग्नोकेन, ॲट्रोपिन, ॲडेनोसिन, मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी ही औषधं इमर्जन्सी ट्रेमध्ये ओळीने लावलेली असतात. त्यांची नावं आणि डोस पाठ करायला फार दिवस लागत नाहीत. त्यांना वाहून कोण नेणार आणि पोचल्यावर ती कुणाच्या उपयोगी पडणार, हे अंगी मुरायला मात्र वर्षं जातात. मला इथे तेवढ्याच एका प्रश्नाच्या मागे जायचं आहे.

आधी एक फरक स्पष्ट केलेला बरा. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती आवळून येते, पण तो बोलत असतो, नाडी लागत असते. रक्त वाहत असल्यामुळे चावून खाल्लेली ॲस्पिरिन त्याला लागू पडते. कार्डिॲक ॲरेस्टमध्ये पंपच बंद. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनमधून आचके लागतात. या आचक्यांनी फार घात केला आहे. "श्वास चालू आहे" म्हणून घरचे थांबतात, तोंडावर पाणी मारतात, आणि हातातली मिनिटं निघून जातात. अटॅकमधून ॲरेस्ट होऊ शकतो, पुष्कळदा तसाच होतो. पण एकदा ॲरेस्ट झाला की तोंडातल्या गोळीला जायला वाट उरत नाही. आपल्याकडे घराघरांत छातीदुखीवरची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवलेली असते आणि कोसळलेल्या माणसाचे दात उघडून ती जिभेखाली सरकवली जाते. जिभेखालची गोळी तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तात जाते, म्हणून तर तिचा गुण लवकर येतो. ते रक्त थांबलं असताना ती कुठे जाणार? बेशुद्ध माणसाच्या घशात मात्र ती अडकू शकते.

मग रक्त हलवायचं कशाने? हातांनी. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मागचा भाग ठेवून, कोपर न वाकवता, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. बरगडी मोडेल अशी भीती वाटते. कधीकधी मोडतेही, पण ती पुढे जुळते. चांगल्या हातांनीसुद्धा नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एवढाच प्रवाह मिळतो. पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो, आणि तेवढ्यावरच औषध चालतं.

छाती बाहेरून दाबून रक्त हलवता येतं, हे कळलं तेही विजेचा अभ्यास करताना. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर थरथरणारं हृदय शॉकने ताळ्यावर आणण्याचे प्रयोग कुत्र्यांवर करत होते. त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की शॉक देण्यासाठी जड इलेक्ट्रोड छातीवर दाबले की, वीज सोडण्याआधीच, धमनीतला दाब थोडा वर जातो. शल्यविशारद जेम्स ज्यूड त्यांच्यासोबत होते. १९६० साली या तिघांनी बंद छातीवरूनच हृदय दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. तोवर त्यासाठी छाती उघडून हृदय मुठीत धरावं लागे, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर कोसळलेल्या माणसाला फारशी आशा नसे. वैद्यकाच्या इतिहासातली ही घटना मला फार मोठी वाटते. कारण त्या दिवसापासून हृदयाचं काम कुणाच्याही हाती आलं, शिपायाच्या, शिक्षिकेच्या, रिक्षावाल्याच्या.

दाबण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं आहे. इथे थोडं बारकाईने पाहावं लागेल, कारण ॲड्रेनलिनचं सगळं मर्म इथे आहे. छाती दाबली की रक्त मेंदूकडे आणि बाकी शरीराकडे ढकललं जातं. पण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दाब सोडल्यावर, छाती वर येत असताना. त्या क्षणी महाधमनीत जेवढा दाब शिल्लक असेल आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात जेवढा असेल, त्या दोहोंतल्या फरकाच्या जोरावर रक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांत उतरतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात शंभर रुग्णांमध्ये छातीदाब चालू असताना हा फरक प्रत्यक्ष मोजला गेला. ज्यांच्यात तो एकदाही पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपर्यंत गेला नाही, त्यांच्यापैकी एकाचंही हृदय परत सुरू झालं नाही. हा दाब एका दाबण्याने तयार होत नाही. एकामागून एक दाबत गेलं की हळूहळू चढतो, आणि हात थांबले की काही सेकंदांत कोसळतो. नाडी बघायला, शीर शोधायला, नळी घालायला हात थांबले की पुन्हा पहिल्यापासून चढण.

या ठिकाणी ॲड्रेनलिन येतं. त्याची ॲम्प्युल लहानशी, तपकिरी काचेची असते, कारण उजेडात औषध खराब होतं. आत जेमतेम १ मिलिलिटर पाणी आणि त्यात १ मिलिग्रॅम औषध. हे द्रव्य आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होतं. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते अमेरिकेत शुद्ध रूपात वेगळं केलं आणि पुढच्या पाचच वर्षांत, १९०६ साली, जॉर्ज क्राइल आणि डेव्हिड डॉली यांनी प्राणी पुन्हा जिवंत करण्याच्या प्रयोगांत ते वापरलं. लोकांना वाटतं की ॲड्रेनलिन हृदयाला चाबूक मारून उठवतं. ॲरेस्टमध्ये त्याच्याकडून जे काम हवं असतं ते वेगळंच आहे. ते हातापायांच्या, कातडीच्या, आतड्यांच्या धमन्या आवळतं. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. पाटाला पाणी कमी असेल आणि ते टोकाच्या वाफ्यापर्यंत न्यायचं असेल तर मधली दारं बांधून घ्यावी लागतात. ॲड्रेनलिन ती दारं बांधतं. महाधमनीतला दाब वाढतो, आणि हातांनी ढकललेलं थोडकं रक्त हृदयाच्या आणि मेंदूच्या वाटेला लागतं.

पण पाटाला पाणीच नसेल तर दारं बांधून काय होणार? म्हणून इंजेक्शन दिल्यावर लगेच मागून २० मिलिलिटर सलाईन ढकलायचं, हात काही सेकंद उंच धरायचा, आणि छाती दाबणं क्षणभरही थांबवायचं नाही. शीर मिळत नसेल तर नडगीच्या किंवा दंडाच्या हाडात सुई घालून औषध देता येतं. प्रौढांना एका वेळी १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. १९९० च्या दशकात याच्या कितीतरी पट डोस देऊन पाहिले गेले. हृदय परत सुरू होण्याचं प्रमाण थोडं वाढलं, जिवंत घरी जाणाऱ्यांचं वाढलं नाही.

हातांनंतर वीज. ॲरेस्टमध्ये मॉनिटरवर दोन जातींचे ताल दिसतात. एक, ज्यांना शॉक लागू पडतो. व्हीएफ, म्हणजे हृदयाचे लाखो तंतू आपापल्या मनाने थरथरत असतात, आणि नाडी नसलेली व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारे फार वेगवान ठोके. दुसरे, ज्यांना शॉकचा उपयोग नाही. सरळ रेघ म्हणजे ॲसिस्टोल, आणि पीईए, ज्याच्याकडे पुढे येतो. व्हीएफमध्ये शॉकसारखा उपाय नाही. १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या शेवटी हृदय थरथरू लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला असंच वाचवलं. पहिला शॉक वाया गेला. बेक हृदय हाताने दाबत राहिले, आणि पुढच्या खेपेला ताल परतला. त्या मधल्या वेळात हात चालू नसते तर पुढच्या शॉकला उत्तर द्यायला जिवंत स्नायू उरला नसता. व्हीएफमध्ये छातीदाबाशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

दोन-तीन शॉक देऊनही थरथर थांबली नाही, तर मग अमियोडॅरोन ३०० मिलिग्रॅम, लागल्यास पुढे १५०. किंवा लिग्नोकेन. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडी बधिर करतात ते हेच. नसेतली विजेची हालचाल जे औषध अडवतं, ते हृदयाच्या चिडलेल्या तंतूंचीही थोडीफार अडवतं. हे ताल सांभाळणारं औषध शॉकचं काम स्वतः करत नाही. त्याने फार तर शॉकला यश येण्याची आणि आलेलं यश टिकण्याची शक्यता वाढते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत तीन हजारांवर रुग्णांमध्ये अमियोडॅरोन, लिग्नोकेन आणि नुसतं सलाईन यांची तुलना झाली. जिवंत घरी गेले ते अनुक्रमे २४.४, २३.७ आणि २१ टक्के. फरक आहे, पण इतका थोडा की तो योगायोग नाही असं संख्याशास्त्राला ठामपणे म्हणता आलं नाही. ज्यांचं कोसळणं कुणी पाहिलं होतं त्यांच्यात मात्र दोन्ही औषधांचा फायदा दिसला. पाहणारा असला म्हणजे मदत लवकर सुरू होते, आणि औषधही लवकर, अजून तग धरलेल्या हृदयापाशी पोचतं.

आता ॲड्रेनलिनचा हिशेब. शंभर वर्षं वापरात असलेलं हे औषध खरोखर जीव वाचवतं का, हे मोठ्या चाचणीत पाहायला २०१८ साल उजाडलं. ब्रिटनमधल्या पाच रुग्णवाहिका सेवांनी आठ हजारांवर रुग्णांमध्ये ॲड्रेनलिन आणि सलाईन यांची तुलना केली. कुठल्या सिरिंजमध्ये काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अशी चाचणी करायला धाडस लागतं. मरणाऱ्या माणसाला सलाईन देणं अनेकांना अमानुष वाटलं होतं, आणि त्यांची अस्वस्थता मी समजू शकतो. पण उत्तर मिळालं ते त्यामुळेच.

हॉस्पिटलात पोचण्याआधी हृदय परत सुरू झालं ते ॲड्रेनलिन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं आणि सलाईनवाल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांचं. तिप्पट! एवढ्यावर थांबलं तर औषध जिंकलं म्हणावं. पण महिन्याभरानंतर जिवंत होते ते ३.२ टक्के आणि २.४ टक्के. आणि स्वतःचं स्वतः करू शकेल अशा बऱ्या मेंदूने घरी गेले ते २.२ आणि १.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. ॲड्रेनलिनने जे जास्तीचे जगले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मेंदूला जबर इजा झालेली होती. असं का व्हावं? एक कारण आकड्यांतच आहे. फोन केल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत साधारण एकवीस मिनिटं गेली होती. हृदय चिवट आहे, एवढ्या वेळाने हाक मारली तरी ते कधीकधी उठतं. मेंदूचा धीर चार-पाच मिनिटांतच सुटायला लागतो. औषध हृदयापर्यंत पोचलं, पण ज्याच्यासाठी हृदय चालवायचं तो माणूस तोवर निघून गेलेला होता. मधल्या वेळात कुणी छाती दाबली होती का, किती चांगली दाबली होती, यावर त्या एकवीस मिनिटांचा अर्थ ठरतो.

याचा अर्थ ॲड्रेनलिन टाकून द्यावं असा नाही. ॲसिस्टोल आणि पीईएमध्ये, जिथे शॉकचा मार्गच नाही, तिथे ते जितकं लवकर जाईल तितकं बरं, असंच जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हॉस्पिटलात, जिथे शिरेत सलाईन आधीच चालू आहे आणि हात दोन पावलांवर आहेत, तिथे हिशेब पुष्कळ बदलतो. ॲट्रोपिनचं मात्र वेगळं झालं. सरळ रेघ दिसली की ॲट्रोपिन द्यायचं, ही आमच्या पिढीची घोकलेली ओळ होती. फायदा होतो असा पुरावा मिळाला नाही म्हणून २०१० साली ते ॲरेस्टच्या यादीतून काढलं गेलं. हृदय चालू आहे पण फार संथ चालू आहे, चक्कर येते आहे, बीपी उतरलंय, अशा वेळी आजही पहिलं औषध तेच. तिथे रक्त वाहत असतं.

पीईएचं सांगायचं राहिलं होतं. मॉनिटरवर व्यवस्थित, कधीकधी अगदी सुबक ताल दिसतो आणि मानेला हात लावावा तर नाडी नाही. वीज चालू, प्रवाह बंद. नवख्या डॉक्टरला हा ताल फसवतो, कारण डोळे पडद्यावर असतात. इथे ॲड्रेनलिन देत राहायचं, पण खरा उपचार कारण शोधण्यात असतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बाई कोसळली असेल तर तिला रक्त हवं. छातीत हवा कोंडली असेल तर ती सुईने सोडून द्यायला हवी. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकलेला रुग्ण असेल तर पोटॅशियम चढलेलं असण्याची दाट शक्यता, आणि त्यावर पहिलं औषध कॅल्शियम. नाडी असतानाच ते दिलं गेलं, तर पसरट झालेले ठोके मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा अरुंद होताना पडद्यावर दिसतात. ते पाहताना दर वेळी मन भरून येतं.

हृदय चालू आहे पण ताल बिघडलाय, तिथे औषधं पुढे येतात. एसव्हीटीचं उदाहरण घेऊ. तिशी-चाळिशीतली एखादी शिक्षिका, वर्गात शिकवता शिकवता छातीत एकदम धडधड सुरू होते, नाडी मिनिटाला १८०. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एव्ही नोड नावाचं विजेचं नाकं असतं. तिथून वीज गोल गोल फिरत राहते आणि हृदय तिच्यामागे धावतं. बाईंचं बीपी चांगलं आहे. आम्ही आधी औषध काढतच नाही. १० मिलिलिटरची रिकामी सिरिंज हातात देतो. "ताई, हिच्यात अशी फुंकर मारा की आतला दांडा हलला पाहिजे." पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं करायचं, आणि दोन्ही पाय धरून पंधरा सेकंद वर उचलायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत या रीतीने ४३ टक्के लोकांचा ताल मिनिटभरात जाग्यावर आला. नुसतं फुंकणाऱ्यांचा १७ टक्के. पाय वर केले की रक्त एकदम हृदयाकडे येतं, शरीराचा स्वतःचा ब्रेक जोराने लागतो, आणि नाक्यावरचं चक्र तुटतं.

नाही तुटलं तर ॲडेनोसिन. हे औषध म्हणजे वेळेशी शर्यत आहे. रक्तात गेल्यापासून दहा सेकंदांच्या आत निम्म्याहून जास्त नाहीसं होतं, पेशी ते गिळून टाकतात. म्हणून मनगटाची बारीक शीर चालत नाही, कोपराची मोठी हवी. थ्री-वेला, म्हणजे तीन तोंडांच्या तोटीला, एकीकडे औषधाची सिरिंज, दुसरीकडे २० मिलिलिटर सलाईन. ६ मिलिग्रॅम एका दमात, त्याच्या पाठोपाठ सलाईन एका दमात, हात वर. सिस्टर आणि मी डोळ्यांनीच इशारा करून घेतो. देण्याआधी रुग्णाला सांगणं मी माझं कर्तव्य मानतो. "ताई, आता छातीत भरून येईल, चेहरा गरम होईल, जीव जातोय की काय असं वाटेल. काही सेकंदच. मी इथेच आहे." मग पडद्यावर रेघ सपाट होते. दोन सेकंद, तीन सेकंद. खोलीत कुणी श्वास घेत नाही. आणि एक ठोका येतो, मग दुसरा, शांत, मिनिटाला ८० चा. नुकताच कडक चहा झाला असेल तर मात्र ॲडेनोसिनचा जोर कमी पडू शकतो, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्याच जागा अडवून बसतं. इथे वाहक कोण? रुग्णाचं स्वतःचं वाहतं रक्त आणि मागून ढकललेलं सलाईन. वाहक मंद असेल तर औषध नाक्याला पोचण्याआधीच संपतं.

रुंद ठोक्यांची वेगवान व्हीटी असेल, नाडी लागत असेल, पण बीपी कोसळत असेल, तर औषधाच्या तयारीत वेळ घालवायचा नाही. गुंगी देऊन, ठोक्याशी जुळवून शॉक द्यायचा. बीपी टिकून असेल तरच अमियोडॅरोन सलाईनमधून हळू सोडायला सवड असते. व्हीटीला चुकून एसव्हीटी समजून तिच्यावरचं व्हेरापामिल दिलं तर रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयाचा जोर उतरतो, आणि चालता माणूस ॲरेस्टमध्ये जाऊ शकतो.

रेघ सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असं मानण्याचा मोह किती महागात पडतो हे १९८९ साली अमेरिकेने पाहिलं. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या ईसीजीत जादा, अवेळी ठोके दिसतात, ते अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके छान दाबतात, हेही माहीत होतं. तर्क सरळ होता, आणि हजारो डॉक्टर तो पाळत होते. चाचणी केली तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण सरासरी दहा महिन्यांत मरण पावले. औषध नसलेल्या नुसत्या दिसायच्या गोळ्या घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दबले होते, आलेख देखणे झाले होते. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आपल्या महाराष्ट्राने या विषयात घातलेली भर सांगायलाच हवी. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाचा ध्यास घेतला. या विषाने शरीरातल्या ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा पूर सुटतो. रुग्ण घामाने निथळतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्यामुळे बीपी चढतं, आणि त्या आवळलेल्या वाटांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून दमलेलं हृदय मागे हटतं. फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो. गावोगावची पोरं यात दगावत. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनची साधी गोळी द्यायला सुरुवात केली आणि १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला या कामाचं विशेष वाटतं ते असं, की ॲरेस्टमध्ये आम्ही ॲड्रेनलिनचा जो गुण शिरेतून विकत आणतो, रक्तवाहिन्या आवळण्याचा, तोच गुण इथे जीव घेतो आणि तोच उतरवावा लागतो. एकीकडे प्रवाह नाही म्हणून दारं बांधायची, दुसरीकडे प्रवाह तुंबलाय म्हणून ती उघडायची. रक्त वाहत असतं म्हणून तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातली पोटात घ्यायची गोळीसुद्धा पुरते.

घरी, बाजारात, एसटी स्टँडवर कुणी कोसळलं तर हे सगळं ज्ञान चार-पाच कृतींत उतरतं. १०८ ला फोन लावायचा, स्पीकर चालू ठेवायचा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा आहे आणि तिच्या एएलएस, म्हणजे प्रगत जीवरक्षक, गाडीत शॉकचं यंत्र आणि ही औषधं असतात. गाडी येईपर्यंत छाती दाबायची. तोंडाने श्वास देण्याचा संकोच असेल तर नुसतं दाबत राहायचं. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य माणसासाठी नेमकी हीच रीत सांगितली आहे. खोकत राहा, गोळी ठेवा, टाच दाबा असले निरोप मोबाईलवर फिरतात, त्यात वेळ घालवू नये. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, त्याला कळण्याआधीच त्याचे हात उथळ पडायला लागतात. म्हणून दुसऱ्याने शेजारी गुडघे टेकून तयार राहायचं आणि दोन मिनिटं झाली की जागा घ्यायची.

लहान हॉस्पिटलात रात्रपाळीला माणसं मोजकीच असतात, आणि तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना मी कामाची वाटणी अशी सांगतो. चौघं असाल तर एक जण छाती दाबेल, एक जण बॅगने श्वास देईल, एक जण शॉकचं यंत्र लावेल, चौथा शीर बघून ॲड्रेनलिन भरेल. तिघं असाल तर शॉकचं यंत्र लावणाऱ्याने पॅड चिकटवून झाल्यावर शीर बघायची. दोघंच असाल तर एकाने दाबायचं, दुसऱ्याने यंत्र आणून लावायचं आणि मग बॅग हातात घ्यायची. मदत येईपर्यंत औषधांचा ट्रे कुणी उघडायचा नाही.